सर्वांत लांबची टाचणी

ता. ३ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघा आता बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. तरी शेकाचा कंटाळा करू नकोस. फोनवर सगळं सांगता आलं असतं, पण तू फोनवर अर्धं ऐकतेस आणि अर्धं स्वतःच्या मनाने रचतेस, आणि आजचा विषय तर नकाशाचा आहे. फोनवर नकाशा कसा दाखवणार?

माझ्या चष्म्याच्या दुकानासमोर वाइनचं दुकान आहे, हे तुला ठाऊक आहे. ते चालवणाऱ्या बाई माझ्यासारख्याच एकट्या आहेत. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. दर गुरुवारी दुकान बंद झालं की त्यांच्या मागच्या खोलीत चार माणसं जमतात. एक दंतवैद्य, एक बँकेतलं जोडपं (यांचं एकमेकांशी आजवर एकदाही एकमत झालेलं नाही) आणि गेल्या काही महिन्यांपासून तुझा हा भाऊ. दचकू नकोस. प्यायची फार थोडी असते, खरी मजा ओळखण्यात असते. बाई बाटलीला लोकरीचा मोजा चढवून आणतात, म्हणजे वरचं लेबल दिसत नाही. आम्ही घोट घेऊन तोंडात खळबळवतो, मग भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर ही द्राक्षं कुठे पिकली असतील तिथे आपापली टाचणी टोचतो आणि का ते सांगतो. मग मोजा उतरतो. बाई लाल दोऱ्याने अंतर मोजतात. ज्याची टाचणी सर्वांत लांब, त्याने सगळ्यांचे ग्लास धुवायचे.

आक्का, दर गुरुवारी ग्लास मीच धुतो. बाई शेजारी उभ्या राहून पुसतात. त्यांच्याकडे एक निळ्या चौकड्यांचं फडकं आहे, त्याने त्या ग्लास असा फिरवतात की काच बोलते. चष्म्याच्या काचा पुसण्यात माझी हयात गेली, पण मला ते जमलेलं नाही. आम्ही इकडचं तिकडचं बोलतो. ते सगळं ठीक आहे. पण गेल्या गुरुवारी दंतवैद्य सर्वांसमोर म्हणाले की यांना पाणी दिलं तरी हे विहीर चुकवतील. सगळे हसले, बाईही हसल्या. आणि मला फार लागलं.

तुझ्यापासून काय लपवायचं. या बाईंना लग्नाचं विचारावं असं माझ्या मनात आहे. पण ज्याला लाल आणि पांढरी एवढंच कळतं, अशा माणसाला त्या का हो म्हणतील? तू जन्मभर भूमापन खात्यात नकाशे काढलेस. एखादा असा नकाशा दे की माझी निदान लाज राहील.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
नान्या

---

ता. १२ मार्च

चि. नान्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात वाइनच्या चवीबद्दल एक अक्षर नाही, आणि फडक्याच्या चौकड्यांचा रंगसुद्धा आहे. मी दोनदा वाचून खात्री केली. साठी उलटल्यावर माणसाला शहाणपण येतं असं ऐकून होते, तुझ्या बाबतीत ते वाट चुकलेलं दिसतं. पण हसून झाल्यावर मला खरंच आनंद झाला. तुझी बायको गेल्यापासून तुझी पत्रं हवापाण्याच्या बातम्यांसारखी झाली होती.

मी त्या पदार्थाचा थेंबही कधी चाखलेला नाही आणि चाखणारही नाही. पण त्याने काही अडत नाही. वाचनालयातून मी या विषयावरची चार जाडजूड पुस्तकं आणली. तिथल्या बाईंनी आधी पुस्तकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि प्रकृती कशी आहे म्हणून विचारलं. असो. पुस्तकांत तर चक्क नकाशेच निघाले, आणि तेही बऱ्यापैकी गचाळ. मी ते सगळे पुन्हा नीट काढले. सोबत गुंडाळी आहे, उलगडताना चुरगाळू नकोस.

आता लक्ष देऊन वाच. द्राक्षाला फार थंडी मानवत नाही आणि फार उकाडाही. म्हणून जगावर दोन पट्टे रंगवलेत, एक विषुववृत्ताच्या वर, एक खाली. जवळजवळ सगळे मळे या दोन पट्ट्यांत आहेत. विषुववृत्तापासून लांब गेलं की ऊन कमी, फळ सावकाश पिकतं, साखर कमी आणि आंबटपणा जास्त. जवळ आलं की उलट. म्हणजे घोट घेतल्यावर गालफडं आत ओढली गेली तर पट्ट्याच्या थंड कडेला जा, घशाला ऊब लागली तर उन्हाच्या कडेला. डोंगर असेल तर आणखी एक गंमत. दिवसा ऊन कडक, रात्री गारठा. साल जाड होते, रंग गडद येतो, तरी आंबटपणा टिकतो. उंची मी तपकिरी रेषांनी दाखवली आहे. रेषा दाटीवाटीने आल्या की चढ उभा आहे असं समज. नकाशावर देशांची नावं आणि सीमा टाकलेल्या नाहीत. सीमा माणसं बदलतात, उतार आहे तिथेच राहतो.

द्राक्षांच्या जाती तुझ्या डोक्यात राहणार नाहीत, म्हणून त्या नातेवाइकांत बसवल्या आहेत. रीसलिंग म्हणजे आपली थोरली आत्या. थंड नदीकाठच्या उभ्या चढावर, सूर्याकडे तोंड करून बसलेली, बोलणं आंबट, पण मनाने स्वच्छ. पिनो न्वार म्हणजे मामेभाऊ. कातडी पातळ, जरा ऊन लागलं की आजारी, जरा पाऊस झाला की आजारी, पण ज्या दिवशी बरा असेल त्या दिवशी त्याच्यासारखा गोड कोणी नाही. काबर्ने म्हणजे काका. समुद्राजवळ खडीच्या जमिनीत पाय रोवून उभे, साल जाड, तरुणपणी तोंड कडू करणारे, वय झाल्यावर ऐकत राहावेसे वाटणारे. शिराझ म्हणजे तू. उन्हात खूश, आणि कारण नसताना मिरीसारखा तिखट.

जीभ कमी चालव आणि डोळे जास्त. त्या बाई काय वाचतात, काय खातात, तुझ्याकडे बघून हसतात की तुला हसतात, हे पुढच्या पत्रात सविस्तर येऊ दे.

तुझी काळजी करणं हेच जिचं मुख्य काम, ती
आक्का

---

ता. २० एप्रिल

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझे नकाशे माझ्या कामाच्या टेबलासमोर टांगले आहेत. गिऱ्हाइकांना वाटतं डोळे तपासायचे तक्ते आहेत. एका आजोबांनी तर एक डोळा झाकून नदी वाचायला सुरुवात केली.

आक्का, तू जादूगार आहेस. पहिल्या गुरुवारी घोट घेतला आणि डोळे मिटले. गालफडं आत. फिकी, स्वच्छ, जराशी टोचणारी. मला आत्याच आठवली. तिची नदी, तिचा चढ. टाचणी टोचली. मोजा उतरला तर रीसलिंग, आणि माझी टाचणी त्या नदीपासून बोटभरही लांब नव्हती. बँकेतलं जोडपं पहिल्यांदाच एकमताने ओरडलं. दुसऱ्या गुरुवारी काका ओळखले. तिसऱ्या गुरुवारी मामेभाऊ. दंतवैद्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी दाढच काढतील.

आणि माझा सत्यानाश झाला.

अगं, जो जिंकतो तो ग्लास धूत नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गेले तीन गुरुवार दंतवैद्य ग्लास धुताहेत आणि बाई त्यांच्या शेजारी उभ्या राहून पुसताहेत. मी बाहेर नकाशापाशी विजेत्याच्या खुर्चीवर बसलेला असतो, हातात बक्षिसाचा ग्लास, समोर बँकेतलं जोडपं भांडतंय, आणि आतून नळाच्या आवाजावर हसणं ऐकू येतं. दंतवैद्य मुळात इतके विनोदी आहेत का? मला तर कधी दिसले नाहीत. काल बाई बाहेर आल्या तेव्हा ते फडकं त्यांच्या खांद्यावर नव्हतं, दंतवैद्यांच्या खांद्यावर होतं. मी घरी येऊन न जेवता झोपलो.

तू म्हणशील, मग मुद्दाम चुकीच्या जागी टोच. कालच करून पाहिलं. पण टाचणी टोचताना कारण सांगावं लागतं, आणि बाई अगदी समोरून बघत असतात. खोटं कारण सांगायला तोंड उघडलं की माझे कान लाल होतात. लहानपणी तू हे कान पाहूनच मला पकडायचीस. शेवटी खरं तेच बोललो आणि पुन्हा जिंकलो. म्हणून आता मला मनापासून चुकायला शिकायचंय. एक चुकीचा नकाशा काढून पाठव. मी तो प्रामाणिकपणे पाठ करीन आणि प्रामाणिकपणे हरेन. एवढं ऐक.

तुझ्याच विद्येने बुडालेला,
नान्या

---

ता. २ मे

चि. नान्यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

चुकीचा नकाशा? मला? नोकरीत असताना एका साहेबांनी त्यांच्या मेव्हण्याचं शेत ओढ्याच्या पलीकडे थोडं सरकवायला सांगितलं होतं. मी पेन खाली ठेवून घरी निघून आले होते. आणि तू मला अख्खं जग सरकवायला सांगतोस, ते कशासाठी, तर भांडी घासायला मिळावीत म्हणून! घरी असताना ताट उचलायला सांगितलं की तुला पोटात कळ यायची.

आधी सरळ सांगते. उठ, रस्ता ओलांड आणि त्या बाईंना काय ते विचार. रस्ता किती रुंद आहे? तुझ्या दुकानातून त्यांच्या दुकानात हाक ऐकू जाते. नाही म्हणाल्या तर म्हणाल्या. पण विचारलंच नाही आणि दंतवैद्याने विचारलं, तर जन्मभर कुढत बसशील, आणि त्या कुढण्याची पत्रं मला वाचावी लागतील.

तू हे ऐकणार नाहीस हेही मला कळतं. म्हणून रात्रभर विचार केला. खोटा नकाशा मी काढणार नाही. पण उत्तर नेहमी वरच असली पाहिजे असा काही पृथ्वीचा नियम नाही, ती नुसती वहिवाट आहे. दक्षिण वर धरून काढलेला नकाशा तितकाच खरा असतो. तसा एक काढून पाठवते आहे. त्यात एकही रेषा खोटी नाही. जुने नकाशे उतरव आणि हाच समोर टांग. महिनाभर हाच बघितलास, की त्यांच्या भिंतीवरच्या नकाशासमोर तुझा हात आपोआप उलट्या अर्ध्यात जाईल. तुझे कान पांढरे राहतील आणि माझं पेनही स्वच्छ राहील.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, लिहितेच. तुझं सगळं जुळून आलं की मला एवढी लांब पत्रं यायची बंद होतील, अशी एक धाकधूक मनात आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. नकाशा तरीही पाठवलाच आहे ना.

रागावलेली, पण फार वेळ न टिकणारी,
आक्का

---

ता. ८ जून

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

घात झाला. मी पुन्हा जिंकलो.

घाईत लिहितो आहे, म्हणून अक्षर असं आहे. काल रात्रीची वाइन जवळजवळ काळी होती, जाड सालीची, तरी आंबटपणा जागा. मी मोठ्याने सांगितलं की हा उंच डोंगर आहे, कोरडा, रात्री गारठणारा, आणि तो वरच्या, म्हणजे उत्तरेकडच्या पट्ट्यात आहे. अगदी मनापासून सांगितलं. आणि टाचणी टोचली तुझ्या नकाशाच्या सवयीने, खाली, दक्षिणेत. सगळे खो खो हसले, की हे बोलतात वर आणि टोचतात खाली. मी मनात म्हटलं, शाबास, हरलो. बाईंनी मोजा उतरवला. माल्बेक नावाचं द्राक्ष, दक्षिणेकडच्या उंच डोंगरातलं. टाचणी त्याच डोंगरावर. तोंड चुकलं आणि हात बरोबर निघाला, आक्का. आता मी काय करू?

दंतवैद्य बाह्या वर करून आत निघाले, तेव्हा मी उभा राहिलो आणि काहीतरी बोललो. काय बोललो ते मला नीट आठवत नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या की याचं उत्तर त्या लगेच देणार नाहीत, आधी त्यांना तुझा पत्ता हवा आहे. तुझा! मी तो बाटलीच्या मोज्यावर लिहून दिला, कारण हाताला दुसरं काही लागलं नाही.

त्यांचं पत्र आलं की मला कळव. वाईट असलं तर सावकाश कळव.

गर्भगळीत,
नान्या

---

ता. ९ जून

ती. आक्कांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, आणि तुम्हाला काय म्हणून हाक मारावी हेही मला ठरवता येईना. शेवटी तुमचे बंधू म्हणतात तेच लिहिलं. रागावू नका. मी त्यांच्या समोरची दुकानवाली.

परवा ते काय बोलले हे त्यांना आठवत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, म्हणून मीच सांगते. ते म्हणाले की टाचणी कुठेही लागो, ग्लास तेच धुणार, आज आणि यापुढे जितके गुरुवार असतील तितके, आणि बाकीचे वारही, मला चालत असेल तर. मग म्हणाले की दंतवैद्य चांगले गृहस्थ आहेत, पण ते ग्लासाच्या दांड्याला धरून धुतात, आणि ते बघवत नाही. त्यांचे कान अगदी नेहमीसारखे होते. दंतवैद्यांनी बिचाऱ्यांनी बाह्या खाली केल्या आणि टाळ्या वाजवल्या. बँकेतल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांच्या नवऱ्याने यात रडण्यासारखं काय आहे म्हणून वाद घातला.

मला त्याच क्षणी हो म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण एक गोष्ट आड आली, आणि ती तुम्हालाच विचारावी असं वाटलं. सगळे नकाशे तुमचे आहेत, हे त्यांनी मला मागेच सांगितलं होतं, शेताची आणि कानांची गोष्टही. ज्या बाईने शेत ओढ्यापलीकडे सरकवलं नाही, तिला मी काय केलं ते आधी कळायला हवं.

आक्का, मी लबाडी करत आले आहे. तुमचे बंधू पहिल्यापासून दर गुरुवारी हरत होते असं त्यांना वाटतं. तसं नव्हतं. पहिल्या एक-दोन वेळा ते खरंच हरले. शेजारी उभं राहून ग्लास पुसताना मला इतकं बरं वाटलं की त्यानंतर मीच दोरा ताणू लागले. दंतवैद्यांच्या टाचणीकडे दोरा नेताना तो जरा खेचून धरायचा, म्हणजे कमी लागतो. यांच्या टाचणीकडे नेताना वळसे घालून न्यायचा. एकदा तर यांची टाचणी नकाशाच्या एका कडेला होती, बाटली दुसऱ्या कडेची निघाली, आणि मला काहीच करावं लागलं नाही. त्या दिवशी मी इतकी खूश होते की दुकानाला कुलूप लावायला विसरले. मग त्यांच्याकडे तुमचे नकाशे आले आणि टाचणी बरोबर नदीवरच बसायला लागली. बोटभर अंतराला वळसे तरी किती घालणार? ते सगळे गुरुवार मी दंतवैद्यांच्या विनोदांवर मोठमोठ्याने हसले, कारण नाहीतर रडू आलं असतं.

दंतवैद्यांनी सर्वांसमोर त्यांचा पाणउतारा केला, त्याला खरं कारण मीच. ज्यांचे खोटं बोलताना कान लाल होतात, त्यांना हे कळलं तर ते काय म्हणतील? सांगून हो म्हणू की न सांगता? तुम्ही सांगाल तसं करीन. ते सकाळपासून समोर एकच चष्मा पुसताहेत.

परकी असूनही थोडी माया मागणारी,
समोरची

---

ता. १५ जून

चि. समोरचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारीण धावत आली. अगंतुगं करते आहे, ते मुद्दामच.

सांगून टाक. आजच, हे पत्र हातातून खाली ठेवायच्या आत. तो रागावणार नाही. त्याच्यासाठी एका बाईने महिनोन्‌महिने दोरा वाकडा धरला, हे ऐकून तो रस्त्यात नाचेल, आणि त्याला आवरायचं काम तुझ्याकडे येईल. तू हो म्हणायला थांबलीस ते मात्र मला फार आवडलं. खोटं बाजूला ठेवून मगच हो म्हणणारं माणूस आमच्या घरात येतंय, याचा मला अभिमान वाटतो.

आता माझ्या कामाचं. सपाट नकाशावर दोऱ्याने अंतर मोजता, हे नान्याच्या पहिल्याच पत्रात वाचून मी कपाळावर हात मारला होता. जग गोल आहे ना? ते सपाट केलं की ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. आणि डावी कड उजव्या कडेला मागच्या बाजूने जोडलेली असते, तिथे जग फाटलेलं नसतं. तुझी ती कुलूप विसरल्याची संध्याकाळ मी पृथ्वीच्या गोलावर मोजून पाहिली. नान्याकडून सगळ्यांच्या टाचण्यांच्या जागा तेव्हाच वेगळं कार्ड टाकून मागवल्या होत्या, त्याला कशासाठी ते सांगितलं नाही. त्या दिवशी दंतवैद्य हरले होते. इतरही बरेच गुरुवार गोलावर वेगळे निघतात. तू दोरा वाकडा धरत होतीस आणि नकाशा तुझ्याहून वाकडा होता. तेव्हा कोण खरं हरलं, हे आता कोणालाच सांगता यायचं नाही, आणि दंतवैद्यांना तर मुळीच सांगू नकोस.

तुम्हाला एक चांगला गोल भेट द्यावा असं आधी मनात आलं. चुकीची रेषा दिसली की खोडायची, यात माझा जन्म गेला. पण विचार बदलला. तो नकाशा भिंतीवर तसाच राहू दे.

नान्याची पत्रं कमी होतील याची मला धास्ती होती. आता दोघांकडून येतील असं गृहीत धरते, आणि तुझं अक्षर त्याच्याहून बरं आहे. येत्या रविवारी दोघं जेवायलाच या. तुमची ती बाटली आणायची असली तर आणा, मी वास घेईन, त्यापुढे काही नाही.

घराचा नकाशा काढून पाठवत नाही. नान्या या रस्त्याने झोपेतही येईल. तरी त्या दिवशी तो चुकेल आणि तुला फार लांबून आणेल. आणू दे.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आक्का